खाडे

दांडिया बाजारात, झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत
एकतीस वर्षं मी लोकांचे फॉर्म भरतोय.
भेटीचा हेतू. परतीची तारीख.
बँकेत शिल्लक किती, आणि ती कधीपासून.
पुतणीच्या लग्नाला निघालेल्या माणसाकडूनही
मी परत येण्याचा पुरावा मागतो:
घरपट्टीची पावती, नोकरीचं पत्र,
मागे राहणारी बायको.

डिसेंबरात हेमलताचा फोन आला.
मामेबहीण, लग्न करून लेस्टरला गेलेली.
एकदा सुटीत आली तेव्हा तिचा पासपोर्ट
मी हातात घेऊन बघितला होता,
सुकल्या आमसुलाच्या रंगाचा.
म्हटलं, तुमचं बरं आहे, दाखवला की दार उघडतं.
ती म्हणाली, दाखवावा पण लागत नाही रे धड,
नुसता हलवायचा.

आता विचारते,
"दादा, दिवस कसे मोजायचे?"

डेरेकनं चौतीस वर्षं बस चालवली.
गुडघे थंडीत रडवतात.
निवृत्तीच्या पैशातून स्पेनच्या एका आडगावी
दोन खोल्या घेतल्या, गच्ची, लिंबाचं एक झाड.
ऑक्टोबरात जायचं, एप्रिलात परतायचं,
कोण कधी आलं हे फक्त शेजारच्या पिलारला ठाऊक.
आता एकशे ऐंशीत नव्वद.
झाडाला बहर येतो तेव्हा हे दोघे लेस्टरात,
हीटरपाशी.

(मतदानाच्या दिवशी डेरेकनं कुठे शिक्का मारला
ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
बडोद्याच्या माणसाला एवढं कळतं.)

मी खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं.
त्यावर दुधाचे खाडे असतात,
रतिलालभाई आला नाही की निळी फुली.
त्याच चौकटींत मी लाल शाईनं
डेरेकला मांडायला घेतलं.
दुधात नसलेला दिवस मांडतात,
इथे असलेला.

अडलं ते शिक्क्यावर.
तिनं फोटो पाठवला, शाई फिसकटलेली.
चौदा की एकोणीस? चार आहे की नऊ?
मी भिंग लावलं, फोन उन्हाकडे धरला.
तिकडच्या बंदरावर एक कंटाळलेला हात
जरा तिरका पडला असणार, एवढंच.

"तुम्ही कधी उतरलात ते आठवत नाही?"
"आठवतं. एकोणीस. पण आठवण चालते का रे?"

धंद्यात एकच नियम आहे:
वाईट तेच धरून चालायचं.
चौदा धरा, म्हटलं. अकरा जानेवारीच्या आत निघा.

"म्हणजे संक्रांत नाही."
पिलारला ती दर वर्षी तिळगूळ देते.
गोड बोल असं सांगावं लागत नाही,
ती गोडच बोलते, फक्त फार मोठ्यानं.

मग थोरल्याच्या मुलीचं निघालं, टेसचं.
उन्हाळ्यात फ्रान्सला द्राक्षं तोडायला जायची,
आई गेली होती तशी, पाठीवर पिशवी टाकून.
यंदा मळेवाला म्हणाला, आधी परवाना आण.
परवान्याचा खर्च द्राक्षांच्या मजुरीहून जास्त.
ती आता घराजवळच्या गोदामात खोकी चिकटवते.

मागून डेरेकचा आवाज आला:
पाच दिवस जास्त राहिलो तर काय होईल?

फार नाही, मी सांगितलं.
एक नोंद. पुढच्या वेळी एक प्रश्न जास्त.
तिकडे दोघंही गप्प.
मीही.
त्या एका प्रश्नावर माझं घर चाललंय.

फोन ठेवताना हेमलता म्हणाली,
"पासपोर्टपण निळा झाला रे आमचा."
आमचा पहिल्यापासून निळाच आहे, म्हटलं.
ती हसली. जरा उशिरा हसली.

महिनाअखेर बायको हिशेबाला बसली.
ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर,
पानभर लाल फुल्या.
"रतिलालभाई इतके दिवस आला नाही?
मग आपण चहा कशाचा प्यायलो?
आणि पैसे कुणाचे कापू?"